‘स्मरणार्थ’चा पैसा गावात राहील का?
जिव्या सोमा म्हसे यांच्या वाटेवरचा एक जोडधंदा



गावात माणूस गेला की वर्षाच्या आत घरचे लोक त्याच्या नावाने काहीतरी करतात. कुणी वर्षश्राद्धाला स्टीलचे डबे वाटतो आणि त्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं टिपक्यांनी कोरून घेतो. कुणी शाळेला पंखा देतो, कुणी एसटीच्या थांब्यावर बाक बसवतो, कुणी देवळाला घंटा बांधतो. गरिबातला गरीब माणूससुद्धा चौकट करून फोटो भिंतीला लावतो. ही चाल आजची नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी वीरगळ उभे आहेत, त्यावर वर सूर्य-चंद्र आणि खाली लढणारा गडी कोरलेला असतो. आपल्या आदिवासी पट्ट्यातही गेलेल्या माणसाच्या नावाने कोरीव लाकडी खांब किंवा दगड उभा करायची रीत जुनी आहे. म्हणजे आठवणीसाठी वस्तू करणं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

प्रश्न वेगळा आहे. हे डबे, ढाली, फोटोच्या चौकटी, फ्लेक्स आपण कुठून आणतो? बहुतेक वेळा वापीहून, नाहीतर मुंबईहून. माणूस आपला, दुःख आपलं, पैसा आपला. आणि मजुरी जाते दुसऱ्याच्या गावात. त्याच वेळी डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतले हात भात झोडून झाल्यावर रिकामे होतात. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, पोरांची शाळा सुटते. हे दोन्ही एकत्र मांडून पाहायचं, यासाठी आजचा लेख.

धामणगावचा मुका मुलगा

या धंद्याचा विचार करताना आपल्याच मातीतला एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा : जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सातेक वर्षांचे असताना आई गेली. धक्का असा बसला की मुलाची वाचाच गेली. पुढची काही वर्षं ते बोलत नव्हते. सांगायचं असेल ते बोटाने धुळीत काढून दाखवायचे. अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्याला आले आणि शेतावर कामाला लागले.

वारली घरात भिंतीवर चित्र काढायचं काम तेव्हा बायकांचं. लग्नाच्या वेळी सवाष्णींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी. पुरुषाने रोज उठून चित्र काढणं हे कुणी पाहिलं नव्हतं. म्हसे काढत राहिले. मुंग्या, भाताची खाचरं, मासे धरायचं जाळं, तारप्याभोवतीचा नाच, जे पाहिलं ते.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. याच गृहस्थांनी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, बिहारमधल्या मधुबनीच्या बायकांना कागद आणि रंग दिले होते, म्हणजे भिंतीवरची कला विकता यावी आणि घरात चार पैसे यावेत. इथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. १९७५ मध्ये म्हसे यांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये पद्मश्री झाली. मे २०१८ मध्ये ते गेले. मुलगे सदाशिव आणि बाळू दोघेही चित्रकार झाले, आणि आज आपल्या तालुक्यांत कितीतरी घरं या चित्रांवर चालतात.

म्हसे यांनी स्मृतिचिन्हांचं दुकान काढलं नाही, हे खरं. पण आपल्याला हवा तो धडा त्यांच्या आयुष्यात आहे. आईविना झालेल्या मुलाने जी रेघ धुळीत ओढली, तीच पुढे त्याच्या पोटाला आली. ती विकली गेली कारण ती त्याची होती. मुंगी कशी चालते हे त्याने रांगेत बसून पाहिलं होतं. दुसऱ्याचं चित्र पाहून त्याने मुंगी काढली नाही.

मग विकायचं काय?

आज बाजारात वारली चित्राचे कप, पिशव्या, किचेन, पडदे सगळं मिळतं. त्यात बरंच काही छापील असतं. छापखान्याशी तुमची ताई-वहिनी किमतीत टक्कर देऊ शकत नाही, देऊही नये. पण एक काम छापखान्याला जमत नाही, आणि ते म्हणजे एका विशिष्ट माणसाची आठवण काढणं.

समजा बोर्डीच्या एखाद्या कुटुंबातले आजोबा गेले. आयुष्यभर चिकूची वाडी केली. संध्याकाळी झाडाखाली बसून फळं निवडायची त्यांची सवय. घरच्यांना फोटो आहेच. पण फळीवर वारली पद्धतीने ती वाडी, ते झाड, खाली बसलेले आजोबा, शेजारी त्यांचा कुत्रा, आणि खाली नाव व सालं, असं चित्र कुणी करून दिलं तर? ते चित्र दुसऱ्या कुणाच्या घरी शोभणार नाही. त्यामुळेच त्याची किंमत ठरवताना बाजारातल्या कपाशी तुलना होत नाही. मच्छीमाराच्या घरी बोट आणि जाळं येईल, शिक्षिकेच्या घरी फळा आणि पोरं येतील, ताडावर चढणाऱ्याच्या घरी ताड येईल.

म्हणून पहिलं काम ब्रश उचलायचं नाही. पहिलं काम ऐकायचं. घरच्यांसमोर बसा आणि पाच-सहा प्रश्न विचारा. माणूस काय काम करायचा? सकाळी उठून पहिलं काय करायचा? कोणतं झाड, कोणतं जनावर जिवाचं होतं? कोणत्या सणाला खुश असायचा? मिळालेली उत्तरं वहीत लिहा. नावाचं स्पेलिंग आणि तारखा घरच्यांकडून त्यांच्या हातानेच लिहून घ्या. स्मृतिचिन्हावर नाव चुकलं तर ते परत घेऊन पैसे देऊन भागत नाही, माणसं कायमची दुखावतात.

माल टिकला पाहिजे

भिंतीवरचं चित्र वर्षभराने लिंपताना पुसलं तरी चालतं. आठवणीची वस्तू मात्र वीस वर्षं टिकावी अशी लोकांची अपेक्षा असते. आपल्या किनारपट्टीची हवा दमट, त्यामुळे पुढील गोष्टी पाळा.

तांदळाच्या पिठाचा रंग घरच्या चौकासाठी ठीक, पण विक्रीच्या मालाला नको. त्याला बुरशी येते, झुरळं आणि किडे चाटतात. विक्रीसाठी पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग वापरा. गेरू वापरायचा असेल तर त्यात डिंक किंवा फेविकॉल घाला, नाहीतर हात लावला की निघतो. चित्र पूर्ण वाळल्यावर वर वॉर्निशचा पातळ हात द्या. मागच्या बाजूलाही द्या, कारण ओल भिंतीकडूनच शिरते.

बांबूच्या चौकटी किंवा उभे नळे करणार असाल तर कोवळा बांबू तोडू नका. तीन वर्षांचा पक्का बांबू घ्या आणि तो पावसाळा संपल्यानंतर, थंडीत तोडा. तेव्हा त्यात साखर-पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. तोडल्यावर बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात भिजवून सावलीत वाळवला तर पीठ पडत नाही. उन्हात घाईने वाळवला तर तडकतो.

लाकडाबद्दल एक सूचना. साग तोडायला आणि वाहून न्यायला वन विभागाची परवानगी लागते. जंगलातून आणलेल्या ओंडक्यावर स्मृतिचिन्ह करून उगाच केस अंगावर घेऊ नका. वखारीतून पावती घेऊन फळी आणा, पावती जपून ठेवा. खासगी जमिनीवरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात ‘झाड’ धरला जात नाही. त्यामुळे बांधावर बांबू असलेल्या शेतकऱ्याला हा कच्चा माल घरचाच आहे.

हिशेब मांडा, मग भाव सांगा

आपल्याकडे कारागीर भाव सांगताना लाजतो. त्यात गिऱ्हाईक दुःखात असेल तर तोंडच उघडत नाही. म्हणून हिशेब आधी कागदावर करा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

फूटभर फळी १५० रुपये. रंग आणि वॉर्निश ५०. पुठ्ठा, कापड, बांधणी ५०. फोन आणि जाणं-येणं ५०. एकूण खर्च ३०० रुपये. काम दोन दिवसांचं. आता हीच वस्तू व्यापाऱ्याने ५०० रुपयांना उचलली तर हातात २०० राहतात, म्हणजे दिवसाला १०० रुपये. त्यापेक्षा भाताच्या कापणीची मजुरी बरी. आणि घरच्या गिऱ्हाइकाला १,४०० रुपयांना दिली तर १,१०० राहतात, म्हणजे दिवसाला ५५० रुपये. माल तोच, हात तेच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक तुमच्याशी बोलला.

काही नियम गटाने आधीच ठरवून घ्यावेत. भाव फळीवर लिहून ठेवा, माणूस पाहून बदलू नका. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, बाकी वस्तू हातात दिल्यावर. रंग लावण्याआधी पेन्सिलीचं कच्चं चित्र दाखवा आणि ‘बरोबर आहे’ असं म्हणवून घ्या. आणि मयत झालेल्या घरी तेराव्याच्या आत ऑर्डर मागायला जाऊ नका. धंदा करायचा आहे, पण गिधाडासारखा नव्हे. वर्षश्राद्ध, पितृपक्ष, शाळेचा वर्धापन दिन, सेवानिवृत्तीचा कार्यक्रम या वेळी लोक स्वतःच विचारत येतात.

व्हिटबीची गोष्ट

आठवणीच्या वस्तूंवर एक अख्खं गाव जगलं आणि पुढे बसलं, असं उदाहरण इंग्लंडात आहे. व्हिटबी हे समुद्रकाठचं गाव, आपल्या डहाणूसारखंच मासेमारीचं. तिथल्या कड्यांत जेट नावाचा काळा पदार्थ सापडतो. दिसतो दगडासारखा, पण ते कोट्यवधी वर्षं गाडलं गेलेलं लाकूड. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट वारला आणि राणीने काळे कपडे आणि जेटचे दागिने धरले ते कायमचे. राणीचं पाहून सगळ्या देशात सुतकाचे दागिने म्हणून जेटला मागणी आली. १८७० च्या सुमारास व्हिटबीत हजारावर कारागीर हेच काम करत होते.

मग काय झालं? मागणी वाढली तसा हलका माल आला. काळ्या काचेचे आणि रबरापासून केलेले नकली दागिने स्वस्तात मिळू लागले. लोकांची आवड बदलली, सुतकाचे कपडे मागे पडले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक कारखाने बंद झाले.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, एकाच ठरलेल्या नमुन्यावर धंदा उभा करू नका. नमुन्याची नक्कल होते, ऐकून काढलेल्या चित्राची होत नाही. दोन, सगळं घर या एकाच धंद्यावर टाकू नका. भात, वाडी, कोंबड्या, चवळी-वाल चालू ठेवा. हा जोडधंदा आहे, शेतीच्या जागी नाही.

झाड हेही स्मृतिचिन्हच

ज्यांच्या हातात चित्र नाही, पण रोपवाटिका आहे, त्यांनी राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यातलं पिपलांत्री गाव ध्यानात घ्यावं. तिथले तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची तरुण मुलगी किरण वारली. तिच्या नावाने त्यांनी झाड लावलं आणि तिथेच न थांबता गावाची रीत घातली : मुलगी जन्मली की १११ झाडं. झाडांना वाळवी लागू नये म्हणून बुंध्याभोवती कोरफड लावली. कोरफड इतकी झाली की बायकांनी तिचा रस, जेल करून विकायला सुरुवात केली. एका बापाच्या दुःखातून गावाला सावलीही मिळाली आणि मिळकतही.

आपल्याकडे अस्थी नदीत न सोडता खड्ड्यात घालून वर झाड लावणारी कुटुंबं महाराष्ट्रात वाढत आहेत. त्यांना रोप लागतं, खड्डा लागतो, काठी-कुंपण लागतं आणि पहिली दोन वर्षं पाणी लागतं. घोलवडचा चिकू भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याचं दोन वर्षांचं जोमदार कलम, बांबूचं कुंपण आणि नाव लिहिलेली फळी असा संच एखाद्या रोपवाटिकेने विकायला काय हरकत आहे? चिकूचं झाड माणसाच्या दोन पिढ्या फळं देतं. नातवाने आजोबांच्या झाडाचा चिकू खावा, याहून चांगलं ‘स्मरणार्थ’ कोणतं? फक्त एक करा : रोप विकताना वर्षभर मरतुकीची हमी द्या आणि मेलं तर बदलून द्या. आठवणीचं झाड वाळलं तर घरच्यांना अपशकुन वाटतो.

काय विकायचं नाही

लग्नाचा देवचौक ही विकायची वस्तू नाही, असं आपल्या म्हाताऱ्या बायका सांगतात. त्यांचं ऐका. तारपा, शेत, जंगल, घर, जनावरं, मासे, माणसांची कामं यांची चित्रं भरपूर आहेत. देवाचं आणि मयताच्या विधीचं जे असेल ते पाड्यातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय फळीवर आणू नका. गिऱ्हाईक दुसऱ्या समाजाचं असेल तर त्याच्याही देवाधर्माचं चिन्ह त्याला विचारूनच काढा.

दुसरं म्हणजे नाव. प्रत्येक वस्तूच्या मागे करणारीचं नाव, पाडा आणि साल लिहा. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी अर्ज केला होता डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने. या मानांकनाखाली प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करता येते. नोंद झाली की छापील मालापुढे तुमचा माल कागदोपत्रीही वेगळा ठरतो. ज्या बायकांनी ही कला भिंतीवर जपली, त्यांचीच नावं बाजारात कमी दिसतात. निदान आपल्या गटाने तरी कर्त्या पुरुषाचं नाव न लिहिता चित्र करणारीचं लिहावं.

सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना

तुमच्या हातात या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे तुम्ही स्वतः. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, क्रीडा स्पर्धा, निरोप समारंभ यांना लागणाऱ्या ढाली बाहेरून येतात. पुढच्या खेपेला पाच तरी गावच्या बचत गटाकडून करून घ्या. गटाची पावती घ्या, हिशेबाला अडचण येत नाही. गावात कुणी शाळेला किंवा पाणपोईला देणगी देत असेल तर ‘स्मरणार्थ’ची पाटी गावातच करून घ्या असं सुचवा.

सुतार, कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत १८ व्यवसाय घेतले आहेत. प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत हत्यारांसाठी मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. म्हणजे अर्ज तुमच्याकडे पडून राहिला तर तो पुढे जातच नाही. चौकटी करणारे सुतार आणि बांबूकाम करणारे यांना अर्ज करायला सांगा, आणि आलेला अर्ज त्याच आठवड्यात पुढे पाठवा. चित्र काढणाऱ्या बायकांनी ‘उमेद’च्या गटातून भांडवल उचलावं, तेही गरजेपुरतंच. सुरुवातीला दहा फळ्या आणि दोन डबे रंग यापेक्षा जास्त काही लागत नाही.

या हंगामात काय कराल?

भात घरात आलं की पाड्यातल्या चार-पाच जणींनी एकत्र बसावं. आपल्याच घरातली गेलेली माणसं घ्यावीत आणि प्रत्येकीने एकेकाची फळी करावी : सासऱ्याची, आईची, भावाची. तीच तुमची नमुन्याची फळी. ती विकायची नाही, दाखवायची. गिऱ्हाइकाला त्या फळीवरचा माणूस कोण होता हे सांगता आलं पाहिजे. ते ऐकून तो स्वतःच्या माणसाबद्दल बोलू लागेल, आणि तिथूनच ऑर्डर सुरू होते.

पहिल्या वर्षी वीस ऑर्डरी झाल्या तरी पुष्कळ. वीस ऑर्डरी म्हणजे चाळीस दिवसांचं काम, तेही घरी, पोरांच्या शाळेजवळ. त्याने भट्टी सुटेल असं खोटं आश्वासन मी देत नाही. पण एखादी बाई मुलांना घेऊन मागे राहू शकेल एवढं तरी होईल. बांबू कसा वाळवायचा, कलमं कुठून आणायची, हिशेबाची वही कशी ठेवायची, याबद्दल शंका असतील तर आपल्या गावच्या कृषी सहायकाला विचारा. पण माणसाला कसं विचारायचं आणि कसं ऐकायचं, ते तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांकडूनच शिका.